गणिताची शिक्षिका व्हायचे आहे: बारावीनंतरच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची मुलगी. बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण, एकूण ७१ टक्के, गणितात १०० पैकी ८६. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पण आठवीपासून गणित आणि विज्ञान सेमी इंग्रजीतून. वडिलांची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन, धाकटा भाऊ नववीत. प्रवर्ग इतर मागास, नॉन-क्रिमीलेअर. तिचे ठरलेले आहे: नववी-दहावीला गणित शिकवायचे. घरात ठरलेले नाही ते एवढेच, की त्यासाठी नेमकी कोणती पदवी घ्यायची. हे प्रकरण एका व्यक्तीचे नाही. प्रवेशाच्या दिवसांत वारंवार समोर येणारी परिस्थिती एकत्र करून मांडली आहे, म्हणून गाव आणि कॉलेज यांची नावे दिलेली नाहीत.

जून महिना आहे आणि समोर पाच वाटा आहेत. गावापासून ३ किलोमीटरवरच्या कॉलेजात बी.एस्सी. आहे, पण तिथे गणित मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून चालत नाही, कारण विद्यार्थीच पुरेसे मिळत नाहीत. तिथे रसायनशास्त्र मेजर आणि गणित मायनर, म्हणजे दुय्यम विषय, असे जमते. जिल्ह्याच्या ठिकाणी, ४० किलोमीटरवर, गणित मेजर आहे. तिसरी वाट चार वर्षांच्या एकात्मिक बी.एस्सी. बी.एड.ची. चौथी डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड. पाचवी वाट मामांची: "आधी इंजिनिअरिंग कर, पोरी. मास्तरकी काय, कधीही करता येते."

मामांचे म्हणणे सगळेच चुकीचे नाही. बी.एड.ला अभियांत्रिकी पदवीधर चालतात. पण 'प्रवेश मिळतो' आणि 'गणिताच्या पदाला पात्र ठरते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांची गफलत इथेच होते.

उलटीकडून वाचायचे

अशा प्रकरणात कॉलेजांच्या माहितीपत्रकांपासून सुरुवात केली की गोंधळ वाढतो. आधी भरतीची जाहिरात वाचावी, त्यातली पात्रता एका कागदावर उतरवावी आणि मग त्या पात्रतेपर्यंत कोणती पदवी पोचते ते पाहावे. नववी-दहावीच्या गणित शिक्षकासाठी असे तीन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा अनुदानित खासगी माध्यमिक शाळा आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या माध्यमिक शाळांचा. खासगी शाळांतल्या शिक्षकांची पात्रता १९८१ च्या खासगी शाळा सेवाशर्ती नियमावलीतल्या अनुसूची 'ब'मध्ये दिलेली आहे. पदवी आणि बी.एड. हा तिचा गाभा. भरती पवित्र या सरकारी शिक्षक भरती पोर्टलवरून होते. त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते. ही आणि पात्रता परीक्षा टीईटी यांची नावे सारखी वाटतात, पण त्या वेगळ्या आहेत. टेटचे गुण निवडीसाठी धरले जातात. टीईटी फक्त उत्तीर्ण व्हायची असते. टीईटी पहिली ते आठवीच्या पदांना लागते, नववी-दहावीला लागत नाही. पोर्टलवर उमेदवार स्वतःच्या पात्रतेचे स्व-प्रमाणपत्र भरतो आणि त्यात पदवीचा विषय आणि बी.एड.ची अध्यापन पद्धती, म्हणजे जो विषय शिकवायचे प्रशिक्षण घेतले तो, दोन्ही येतात. पुढे कागदपत्र पडताळणीत हे दोन्ही गुणपत्रिकेशी जुळवून पाहिले जाते. जुळले नाही तर निवड यादीत नाव लागूनही हातातली जागा जाते.

दुसरा दरवाजा केंद्रीय विद्यालयांचा. तिथल्या प्रशिक्षित पदवीधर गणित शिक्षकाच्या पात्रतेत विषयांचा संच स्पष्ट लिहिलेला असतो. पदवीला गणित हवे आणि त्याबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र यांपैकी कोणतेही दोन विषय हवेत. शिवाय किमान ५० टक्के, बी.एड. आणि केंद्रीय पात्रता परीक्षा सीटीईटीचा दुसरा पेपर. जाहिरातीखालच्या टीपा नीट वाचल्या तर गणित पदवीच्या तिन्ही वर्षांत असावे असा आग्रह दिसतो.

तिसरा दरवाजा विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा. त्या थेट भरती करतात. पगार शाळेगणिक बदलतो, पण चांगली शाळा वर्गात पाठ घ्यायला लावते आणि त्यावरून ठरवते.

तिन्ही दरवाजांची पात्रता शेजारी शेजारी ठेवली की पदवीच्या नावापेक्षा गुणपत्रिकेवरचे विषय जास्त बोलतात. या प्रकरणाचा निकाल याच मुद्द्यावर लागतो.

रसायनशास्त्र मेजर, गणित मायनर: जवळचे कॉलेज

घरच्यांना हाच पर्याय सगळ्यांत पटतो. मुलगी रोज संध्याकाळी घरी, खर्च जवळपास नाही, आणि पदवीवर 'बी.एस्सी.' तर लिहिलेलेच असते.

नवीन शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मेजर आणि मायनर हे नुसते शब्द नाहीत. महाराष्ट्रात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची असते. त्यातला मोठा वाटा मेजरला जातो आणि मायनरला साधारण १८ ते २० क्रेडिट येतात. म्हणजे पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस आणि बीजगणित, दुसऱ्या वर्षी थोडे पुढचे, आणि मग गणित संपले. रिअल ॲनालिसिस, ग्रुप थिअरी, लिनिअर ॲल्जिब्राचा खोल भाग हे सगळे मेजरवाल्यांच्या वाट्याला येते.

पुढे काय होते? बी.एड.ला तिला विज्ञान ही पद्धती सहज मिळते. गणित पद्धती मिळेल की नाही ते विद्यापीठाच्या नियमांवर आणि कॉलेजच्या जागांवर अवलंबून राहते. केंद्रीय विद्यालयाच्या संचात ती बसत नाही किंवा वादात अडकते. पवित्रवर गणिताच्या पदासाठी प्राधान्यक्रम भरताना प्रत्येक वेळी तोच प्रश्न उभा राहतो. ती उत्तम विज्ञान शिक्षिका होईल. पण तिचे ठरलेले गणित आहे, आणि पहिल्या वर्षाच्या फॉर्ममधल्या एका चौकोनामुळे ते हातातून सुटते.

नवीन धोरणाआधी विद्यापीठांच्या रचना वेगवेगळ्या होत्या, हेही इथे सांगायला हवे. नागपूर, अमरावती, मराठवाडा इथे तीन ऐच्छिक विषय तिन्ही वर्षे जवळपास बरोबरीने चालायचे. भौतिक, रसायन, गणित असा गट घेतलेला विद्यार्थी केंद्रीय विद्यालयाच्या अटीत आपोआप बसायचा. पुण्या-मुंबईकडे शेवटच्या वर्षी एकाच विषयावर भर असायचा. त्यामुळे थोरला भाऊ किंवा ओळखीचे सर 'आमच्या वेळी असं काही नव्हतं' म्हणतात तेव्हा ते खरेच सांगत असतात. फक्त ती रचना आता राहिलेली नाही.

पदवीचे गणित शाळेत लागते का?

नववी-दहावीला शिकवायला एवढे गणित कशाला, असा प्रश्न हमखास येतो. राज्य मंडळाच्या दहावीचा अभ्यासक्रम पाहा: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, दुसऱ्या भागात समरूपता, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती. प्रत्येक भागाची लेखी परीक्षा ४० गुणांची. बारावीतला हुशार मुलगाही ही उदाहरणे सोडवेल.

उदाहरणे सोडवणे हा शिकवण्याचा सोपा भाग झाला. नववीत आवर्ती दशांश अपूर्णांक p/q रूपात मांडायला शिकवतात. मुले ०.३३३… चे १/३ करतात, ०.७७७… चे ७/९ करतात. मग एखादी चौकस मुलगी ०.९९९… घेते. x = ०.९९९…, १०x = ९.९९९…, वजा केल्यावर ९x = ९, म्हणून x = १. ती हात वर करते: "सर, हे कसं? १ पेक्षा थोडं कमीच आहे ना ते?" इथे शिक्षकाला तीन गोष्टी करता येतात. 'पुस्तकात नाही, सोड' म्हणता येते. 'जवळजवळ १' म्हणता येते, आणि ते चूक आहे. किंवा 'थोडं कमी म्हणजे किती कमी, ती संख्या फळ्यावर लिही' असे सांगून तिलाच दाखवून देता येते, की १ आणि ०.९९९… यांच्या मध्ये कोणतीही धन संख्या बसत नाही आणि म्हणून दोन्ही एकच. तिसरे उत्तर आपसूक सुचायला अनंत श्रेढीची सीमा काय असते हे एकदा स्वतः घासून शिकलेले असावे लागते. रिअल ॲनालिसिसचा पेपर त्यासाठी असतो.

भूमितीतही तसेच. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय सिद्ध करताना त्रिकोणांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराचा आडमार्ग का घेतला आहे, हे ज्याला कळले तो शिक्षक सिद्धता पाठ करून घेत नाही. पहिल्या नजरेला पुस्तकातली युक्ती मनमानी वाटते. तिच्यामागे अपरिमेय लांबीची जुनी अडचण आहे. ती ठाऊक असलेला माणूस वर्गात वेगळ्या सुरात बोलतो.

एकात्मिक चार वर्षे: चांगली वाट, पण दार आधीच बंद

चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रमाची अधिसूचना ऑक्टोबर २०२१ मध्ये निघाली आणि २०२३-२४ पासून तो देशभरातल्या निवडक संस्थांत सुरू झाला. प्रवेश राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या राष्ट्रीय सामाईक प्रवेश परीक्षेतून, म्हणजे एनसीईटीमधून होतो. ती मराठीतूनही देता येते. महाराष्ट्र आणि गोव्याचे विद्यार्थी ज्या भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या क्षेत्रात येतात, तिथे बी.एस्सी. बी.एड. अनेक वर्षांपासून चालते.

फायदा सरळ आहे. तीन अधिक दोन अशा पाच वर्षांऐवजी चार. मुलीला शिक्षक व्हायचे हे बारावीतच पक्के असेल आणि घरापासून दूर राहायची तयारी असेल, तर आमच्या मते हा पहिला पर्याय असावा. पण २०२५ ची परीक्षा एप्रिलमध्ये झाली आणि तिचे अर्ज मार्चअखेर बंद झाले. बारावीचा निकाल हातात घेऊन विचार करणाऱ्यासाठी ही वाट तोवर संपलेली असते. या प्रकरणातल्या मुलीला ती माहीतच नव्हती. नववीतल्या भावाची आवड हीच असेल तर त्याने बारावीच्या फेब्रुवारीत हे पाहावे.

या वाटेबद्दल एक भीतीही पसरलेली आहे: २०३० नंतर दोन वर्षांचे बी.एड. बंद होणार, म्हणून आत्ताच एकात्मिक घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता असेल असे म्हटले आहे, हे खरे. पण त्याच धोरणात आधीच पदवी घेतलेल्यांसाठी दोन वर्षांचे आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. असेल, असेही लिहिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने एक वर्षाच्या बी.एड.चा समावेश असलेला नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. मसुदा हा मसुदा असतो, त्यावर पाच वर्षांचे नियोजन बांधू नये. पण भीतीने उडी मारण्याचेही कारण नाही.

डी.एल.एड. आणि अभियांत्रिकी

डी.एल.एड. दोन वर्षांचे, स्वस्त, आणि पहिली ते पाचवीसाठी योग्य. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकच्या पदांसाठी बी.एड. चालणार नाही असे ठरवल्यापासून त्याला पुन्हा मागणी आली आहे. लहान मुलांना शिकवायची खरी ओढ असेल त्याने जरूर करावे. नववी-दहावीसाठी मात्र त्याच्या जोरावर थेट अर्ज करता येत नाही. पदवी आणि बी.एड. मग करावेच लागते.

अभियांत्रिकीची गोष्ट अशी. बी.एड.साठी साध्या पदवीधराला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. अभियंत्यासाठी हीच अट ५५ टक्क्यांची आहे आणि तीही विज्ञान-गणिताच्या विशेषीकरणासह. चार अधिक दोन, सहा वर्षे. अभियांत्रिकीतले गणित समीकरणे सोडवायला उत्तम शिकवते, पण त्यात सिद्धता जवळपास नसतात. आणि गणित पदवीच्या प्रत्येक वर्षी स्वतंत्र विषय म्हणून दाखवता येत नाही. मामांनी सांगितलेली 'कधीही करता येते' ही मास्तरकी बहुतेक वेळा विनाअनुदानित शाळेच्या किंवा क्लासच्या वाटेने जाते. तीही वाईट नाही. फक्त तिने मागितलेली ती नव्हे.

निर्णय आणि त्याचा खर्च

राहिला जिल्ह्याच्या ठिकाणचा पर्याय: गणित मेजर, भौतिकशास्त्र मायनर, आणि पहिल्या वर्षी मिळणारा तिसरा विषय रसायनशास्त्र.

गणित मेजर का ते वर आले. भौतिकशास्त्र मायनर दोन कारणांनी. एक, महाराष्ट्रातल्या लहान माध्यमिक शाळेत गणिताला एक आणि विज्ञानाला एक अशी दोन स्वतंत्र माणसे क्वचितच मिळतात. संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर होताना, पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात, आणि एक-दोन तुकड्यांच्या शाळेत गणिताचा माणूस विज्ञानाचा पहिला भागही शिकवतो. त्यातले गुरुत्वाकर्षण, प्रवाही विद्युत, भिंगे हे सगळे भौतिकशास्त्र. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत तर 'विज्ञान आणि गणित' असा एकच गट आहे. दोन, केंद्रीय विद्यालयाच्या संचातला एक विषय पक्का होतो. रसायनशास्त्र त्या संचाचा दुसरा विषय. पहिल्या वर्षी तिसऱ्या विषयासाठी संगणकशास्त्राचा मोह होतो. पात्रतेच्या दृष्टीने तोही चालतो. पण विज्ञान पद्धती घेऊन दहावीला रासायनिक अभिक्रिया शिकवायच्या असतील तर रसायनशास्त्र जास्त कामाला येते.

४० किलोमीटरचा प्रश्न उरतो. एसटीच्या विद्यार्थी मासिक पासावर दोन-तृतीयांश सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक-तृतीयांश भाग भरावा लागतो. रोज जाऊन-येऊन तीन तास प्रवास झाला तर गणिताचा अभ्यास मागे पडतो, हे मात्र घरच्यांनी मोजलेले नसते. पहिले वर्ष पासावर काढून दुसऱ्या वर्षापासून वसतिगृह हा मधला मार्ग बऱ्याच घरांना झेपतो. इतर मागास प्रवर्गातल्या, बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिच्या अटी जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात प्रवेशाआधी विचाराव्यात, नंतर नव्हे.

पाच वर्षांत कुठे काय बिघडते

पहिल्या सत्रात सगळ्यांत मोठा धोका इंग्रजीचा नसतो, सिद्धतांचा असतो. बारावीपर्यंत उत्तर काढून मिळालेले ८६ गुण एप्सिलॉन-डेल्टापुढे, म्हणजे सीमेच्या काटेकोर व्याख्येपुढे, उपयोगी पडत नाहीत. पहिल्या चाचणीत ३०-३५ टक्के पडले की मुले गणित मेजर सोडून दुसरा विषय मागतात. ती घसरण अपेक्षित आहे. दर आठवड्याला दोन-तीन प्रमेयांच्या सिद्धता पुस्तक मिटून कागदावर लिहायची सवय लावली तर साधारण दुसऱ्या सत्रापर्यंत गाडी रुळावर येते.

शेवटच्या वर्षी एटीकेटी राहणे हा दुसरा धोका, आणि तो महाग पडतो. बी.एड.ची सामाईक प्रवेश परीक्षा साधारणपणे पदवीचा निकाल लागण्याआधीच होते: १०० प्रश्न, ९० मिनिटे, त्यात मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३०, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सीईटीत चांगले गुण मिळाले, पण पदवीचा एक पेपर राहिला, की केंद्रीभूत प्रवेश फेरीत कागदपत्रेच पूर्ण होत नाहीत. वर्ष वाया जाते. म्हणून पाचव्या सत्रात अवघड पेपर राहिला असेल तर सीईटीची तयारी बाजूला ठेवून आधी तो सोडवावा. सीईटीतल्या प्रश्नांना दोन महिने पुरतात.

कागदपत्रांत दोन गोष्टी नेहमी अडतात. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर असतो. आणि जात वैधता प्रमाणपत्र. पदवीच्या दुसऱ्या वर्षातच पडताळणी समितीकडे अर्ज टाकावा, बी.एड.च्या फेरीला धावपळ करून ते मिळत नाही.

बी.एड.चे कॉलेज निवडताना पाहायचे ते एवढे: राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता चालू आहे का, गणित आणि विज्ञान या दोन्ही पद्धती तिथे शिकवल्या जातात का, आणि सराव पाठांसाठी कोणत्या शाळा आहेत. या मुलीने गणित ही पहिली आणि विज्ञान ही दुसरी पद्धती घ्यावी. माध्यम मराठी. सेमी इंग्रजीमुळे वर्गात मात्र दोन्ही शब्द तोंडात असावे लागतात: सहगुणक आणि कोएफिशियंट, चल आणि व्हेरिएबल, बहुपदी आणि पॉलिनॉमिअल. पदवी इंग्रजीतून झालेली मुले फळ्यासमोर उभी राहतात आणि 'छेदिका' हा शब्द आठवत नाही म्हणून अडतात. पाठ्यपुस्तकाच्या दोन्ही माध्यमांच्या आवृत्त्या शेजारी ठेवून परिभाषेची वही करणे हे पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीतले काम आहे.

हजेरीची अट अनेकांना उशिरा कळते. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. त्या १६ आठवड्यांचे, आठवड्याला सहा दिवस धरले तर ९६ दिवस होतात, म्हणजे ९ दिवसांपेक्षा जास्त रजा परवडत नाही. 'बी.एड. करता करता क्लास घेईन' किंवा 'हजेरी सांभाळून घेऊ' असे सांगणाऱ्या कॉलेजपासून लांब राहावे. जिथे हजेरी सांभाळली जाते तिथे पाठही सांभाळले जातात, आणि पहिल्या खऱ्या वर्गात ते उघडे पडते. दूरस्थ बी.एड.ही इथे उपयोगाचे नाही. ते आधीच प्रशिक्षित असलेल्या सेवेतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी आहे.

बी.एड.नंतर

सीटीईटीला बी.एड. शिकत असतानाही बसता येते, म्हणून दुसऱ्या वर्षातच दुसरा पेपर द्यावा. १५० प्रश्न, त्यात गणित-विज्ञानाचे ६०. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. प्रमाणपत्र आता कायमस्वरूपी वैध असते. या निकालाने सहावी ते आठवीची पदेही खुली होतात आणि अर्ज करण्याजोग्या जागा वाढतात. नववी-दहावीच हवी असा हट्ट पहिल्या भरतीत धरू नये.

टेट म्हणजे १२० मिनिटांत २०० प्रश्न, प्रश्नाला ३६ सेकंद. अभियोग्यता १२०, बुद्धिमत्ता ८०. ज्याचे गणित चांगले तो बुद्धिमत्तेच्या ८० मध्ये पुढे जातो, पण वेगाचा सराव लागतोच. खरा प्रश्न परीक्षेचा नसून तिच्या वेळेचा आहे. ही चाचणी २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ च्या सुरुवातीला, मग २०२५ मध्ये. बी.एड. संपल्यावर पुढची कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. घरी आधीच सांगून ठेवावे, की पाच वर्षांनी पदवी मिळेल, नोकरी त्याच महिन्यात मिळेल असे नाही. मधल्या काळात विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर शिकवणे, आणि शक्य असेल तर गणितात एम.एस्सी. एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही असले की अकरावी-बारावीची पदेही खुली होतात.

पगाराचे आकडे घरच्यांसमोर स्पष्ट ठेवावेत. नववी-दहावीला निवड झाली तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून महिना १८,००० रुपये मानधन. २०२३ पर्यंत ते ८,००० होते. त्यानंतर प्रशिक्षित पदवीधराच्या वेतनश्रेणीत ३८,६०० मूळ वेतनापासून सुरुवात, अधिक भत्ते. म्हणजे आज प्रवेश घेणारी मुलगी पूर्ण पगारावर यायला सगळे वेळेत जुळले तरी आठ वर्षे. वडिलांनी यावर विचार करून होकार द्यावा; चौथ्या वर्षी हे कळले तर मुलीवर लग्नाचा दबाव येतो, आणि या वाटेवरच्या कितीतरी मुली तिथेच थांबतात.

याच सुमारास एखादा ओळखीचा माणूस भेटतो, 'संस्थेत जागा धरून ठेवतो' म्हणतो आणि लाखांत आकडा सांगतो. अनुदानित पदाची निवड पवित्रमधूनच होते. मुलाखतीसह भरती करणाऱ्या संस्थेलाही उमेदवार पोर्टलच्या यादीतूनच मिळतात. पोर्टलबाहेर दिलेल्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता मिळत नाही, आणि मान्यतेशिवाय पगार निघत नाही. जमीन विकून दिलेले पैसे परत येत नाहीत.

प्रवेश घेण्याच्या आठवड्यात

जिल्ह्याच्या कॉलेजात जाऊन माहितीपत्रकाऐवजी गणित विभागात चार प्रश्न विचारावेत. दुसऱ्या वर्षी गणित मेजरची तुकडी गेल्या वर्षी प्रत्यक्ष चालली का? किती विद्यार्थी होते? गणित मेजरबरोबर भौतिकशास्त्र मायनर वेळापत्रकात बसते का, की दोन्ही तासिका एकाच वेळी येतात? विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'सगळे तासिका तत्त्वावर' असे असेल तर विद्यापीठाच्या हद्दीतले दुसरे कॉलेज पाहावे, मग ते ६० किलोमीटरवर का असेना.

प्रवेश अर्जात विषय भरल्यावर त्याची छापील प्रत घ्यावी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परीक्षा अर्ज भरताना त्यावरचे विषयांचे सांकेतांक या प्रतीशी एकेक जुळवावेत. तुकडी पूर्ण भरली नाही म्हणून कार्यालय कधी कधी विद्यार्थ्याला न विचारता दुसऱ्या मायनरमध्ये टाकते, आणि ते पहिल्या गुणपत्रिकेवर दिसते. त्याआधी, परीक्षा अर्जाची मुदत असेपर्यंत, प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज देऊन दुरुस्ती करून घेता येते. निकाल लागल्यानंतर तीच दुरुस्ती विद्यापीठात जाऊन करावी लागते.